सरकारी गच्ची आणि पंचवीस वर्षांचा कागद

मे महिन्यात घाटंजीच्या बाजारात दुपारी बारानंतर माणसे सावली धरून चालतात. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवे नाही, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. त्याच वेळी तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, शाळा अशा इमारतींच्या स्लॅब दिवसभर तापत पडलेल्या असतात. तालुक्याच्या कुठल्याही गावात सरकारी गच्चीवर असते काय? पाण्याची टाकी, एखादा मोडका बाक, मागच्या पावसाळ्यातला पालापाचोळा. खाली पंखे आणि कूलर चालू असतात आणि मीटर पळत असते.

ही गच्ची गावातल्याच लोकांच्या गटाला भाड्याने द्यायची, त्यांनी वर्गणी जमवून तिच्यावर सौर पॅनेल बसवायचे आणि वीज आधी त्याच इमारतीने वापरायची, असा विचार आता अनेक गावांत बोलला जातो. विचार चांगला आहे. पण पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, म्हणून करारही तेवढ्याच मुदतीचा होतो, आणि गच्चीची मालक असलेली नगरपरिषद पाच वर्षांनी बदलते. आज झालेल्या सहीखाली पाच सभागृहे राहणार. आज पहिलीत बसलेले पोर करार संपेल तेव्हा तिशी ओलांडलेले असेल. एवढ्या मुदतीचा कागद वाचण्यासाठी चार आठवडे जास्त लागले तरी हरकत नाही.

सार्वजनिक जागा सौर विजेसाठी देण्याची गोष्ट या जिल्ह्याला परकी नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रायोगिक प्रकल्पांसाठी दोन गावे निवडली गेली: तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. २०२३ मध्ये आलेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमीन नाममात्र भाड्याने आणि खाजगी जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपयांनी घ्यायचे ठरले, त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे शेताच्या तुकड्याला दर आहे, वाढीचा हिशोब आहे. गच्चीच्या वेळी मात्र बोलणी करारागणिक होतात, आणि बोलणी करणाऱ्यांपैकी एका बाजूला रोज हेच काम असते, तर दुसऱ्या बाजूला मुख्याधिकारी किंवा मुख्याध्यापक आयुष्यात पहिल्यांदाच असा कागद हातात घेत असतात.

आधी गच्ची मोजावी. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते, आणि विदर्भाच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. तीन हजार चौरस फुटांच्या मोकळ्या स्लॅबवर तीस किलोवॉट बसतात. पावसाळ्यातली झड, धूळ आणि बंद दिवस धरून वर्षाला चाळीस-बेचाळीस हजार युनिट समजावेत. यापेक्षा खूप मोठा आकडा दाखवणारा प्रस्ताव आला तर हिशोब लिहून मागावा. बरेचदा घाटंजीच्या उन्हाळ्याचे दाखले देऊन आकडे फुगवले जातात. पण पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि मे महिन्यात पॅनेलचा पत्रा साठ-पासष्ट अंशांवर सहज जातो. स्वच्छ आकाशाचे, थंड हवेचे फेब्रुवारीतले दिवस म्हणूनच उत्पादनाला बरे जातात.

स्लॅबचे वय हा त्याहून मोठा प्रश्न. कवेलूची किंवा सिमेंटच्या पत्र्याची जुनी शाळा या कामाला चालत नाही. स्लॅब असली तरी सळया फुगलेल्या, प्लास्टर निसटलेले, पावसाळ्यात ओल उतरणारी असेल तर आधी दुरुस्ती, मग पॅनेल. पाचशे चाळीस वॅटच्या एका पॅनेलचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास असते. हे वजन चांगल्या स्लॅबला जड नाही. खरी भीती वाऱ्याची असते. मे-जूनच्या वावटळीत पॅनेल खालून उचलले जाते, म्हणून सांगाडा किती वाऱ्याला टिकेल आणि तो स्लॅबला भोक पाडून बसवणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवणार, हे आधी ठरवून घ्यावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम अभियंत्याकडून इमारतीच्या ताकदीचा लेखी दाखला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंचवीस वर्षांच्या पॅनेलखाली दहा वर्षे उरलेली इमारत असली तर तो करार दोन्ही पक्षांना गोत्यात आणतो.

आता विजेचा प्रवाह. साध्या सौर संचाचे इन्व्हर्टर महावितरणच्या वाहिनीला जोडलेले असते, आणि लाईट गेली की तेही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने झटका बसू नये म्हणून ही सोय असते. लोकांना वाटते, गच्चीवर सौर आहे म्हणजे रुग्णालयात कधीच अंधार होणार नाही. तसे होत नाही. लसींचा फ्रीज, प्रसूतीची खोली, पाण्याचा छोटा पंप यांच्यासाठी बॅटरीची वेगळी जोडणी मागावी लागते आणि तिचा खर्च प्रस्तावात वेगळा दाखवून घ्यावा लागतो. ग्रामीण रुग्णालयाची गच्ची देताना निदान एवढी एक अट तरी सोडू नये.

जास्तीच्या विजेचा हिशोब नेट मीटरिंगने होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे गच्चीवरून वाहिनीत गेलेले युनिट खात्यावर जमा होतात, पुढच्या बिलांत वळते होतात, आणि ३१ मार्चला जे उरतील ते आयोगाने ठरवलेल्या दराने विकले जातात. हा दर वापरलेल्या युनिटच्या दरापेक्षा बराच कमी असतो. शाळांच्या बाबतीत इथे विदर्भाचा एक फायदा आहे. उन्हामुळे इथल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मे आणि जवळजवळ सगळा जून शाळा बंद, गच्ची चालू. हे युनिट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच जमा होत असल्याने उरलेल्या नऊ महिन्यांत वापरता येतात. म्हणून शाळेचा संच केवळ रोजच्या वापरावर न मोजता बारा महिन्यांच्या बिलांवर मोजावा. परिसराच्या डीपीवर (रोहित्रावर) किती सौर भार आधीच जोडलेला आहे, हेही महावितरणच्या स्थानिक कार्यालयात विचारावे, कारण त्या नियमांत एका डीपीच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांची मर्यादा आहे. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचाला मात्र केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणीची वेगळी पायरी उरलेली नाही.

गच्ची भाड्याने देण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग गांधीनगरला झाला. तिथे २०१२ च्या सुमारास पाच मेगावॉटचे काम दोन कंपन्यांना अर्धे-अर्धे दिले गेले. बहुतेक क्षमता सरकारी इमारतींवर होती, काही घरांवरही. गच्चीच्या मालकाला प्रत्येक युनिटमागे तीन रुपये मिळत. हा आकडा आजही कुणी ना कुणी बैठकीत काढतो आणि "मग आपल्याला का नाही?" असे विचारतो. उत्तर सरळ आहे. तेव्हा त्या विजेला अकरा रुपयांच्या वर दर मिळत होता. आज मोकळ्या जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पाची पूर्ण वीजच तीन रुपयांच्या आसपास पडते. गांधीनगरचा भाड्याचा आकडा घाटंजीत मागितला तर बोलणी पहिल्याच दिवशी मोडतील. गांधीनगरकडून उचलावी ती भाडे युनिटशी बांधण्याची पद्धत. पॅनेल घाण राहिले, यंत्र बंद पडले की भाडेही घटते, त्यामुळे गच्चीचा मालक डोळे उघडे ठेवतो. त्याच्या जोडीला एक ठोक किमान भाडे असावे. नुसते युनिटवरचे भाडे असेल तर बिघाडाच्या वर्षी मालकाच्या हाती काही येत नाही, आणि नुसते ठोक भाडे असेल तर संचाकडे कुणी बघत नाही.

कंपनीऐवजी गावातल्या लोकांचा गट पुढे आला तर? लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २०१२ मध्ये नगरपालिकेच्या वसाहतीतल्या एल्मोर हाऊस या इमारतीवर ३७ किलोवॉटचा संच बसला. पैसा शेजारपाजाऱ्यांनी भागभांडवल घेऊन उभा केला, मालकी सहकारी संस्थेची राहिली आणि उत्पन्नाचा एक वाटा त्याच वसाहतीत वीज वाचवण्याच्या कामांसाठी ठेवला गेला. जवळचे उदाहरण गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाचे. तिथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला ४ रुपये ६३ पैशांनी विकायचा पंचवीस वर्षांचा करार केला. सहा माणसे होती, पण दर लिहून घेतलेला होता. महाराष्ट्रालाही विजेतला सहकार नवा नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत स्वतः वीज वितरण करत होती. इथे वाट शोधायची तर दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे जमली की १९६० च्या कायद्याखाली सहकारी संस्थेची नोंदणी मागता येते.

मांडणीसाठी एक हिशोब करून पाहू. तीस किलोवॉटच्या संचाला, किलोवॉटमागे पन्नास हजार धरले तर पंधरा लाख लागतील. दीडशे सभासदांनी दहा हजार दिले की पैसा उभा राहतो. कापूस विकून पैसा आलेल्या महिन्यात ही रक्कम कठीण नाही, जून महिन्यात मात्र कुणाकडे मागू नये. समजा संस्थेने नगरपरिषदेला सहा रुपये दराने वीज दिली. बेचाळीस हजार युनिटचे अडीच लाख होतात. धुणे, विमा, भाडे, हिशोबनीस यांना पन्नास हजार गेले तरी दोन लाख उरतात आणि साडेसात वर्षांत भांडवल मोकळे होते. दर पाच रुपयांवर आणला तर तीच मुदत नऊ वर्षांपलीकडे जाते. रुपयाच्या घासाघिशीत सभासदांची दोन वर्षे जातात, हे दोन्ही बाजूंनी समजून बोलावे.

या हिशोबाचा सगळ्यांत नाजूक दुवा म्हणजे बिल वेळेवर मिळणे. इमारतीची मालक संस्थाच विजेची गिऱ्हाईक असेल आणि तिने आठ महिने पैसे थकवले, तर दीडशे कुटुंबांचा विश्वास तुटतो. दर महिन्याला कोणत्या तारखेला, कोणत्या लेखाशीर्षातून पैसे निघतील, उशीर झाल्यास व्याज किती आणि तीन महिन्यांची रक्कम आगाऊ अनामत म्हणून बँकेत राहील का, हे करारात आकड्यांनी यावे.

सभासदांच्या घरच्या बिलातच ही वीज वळती व्हावी, अशीही इच्छा असते. दूरच्या संचाचे युनिट अनेक घरांच्या बिलांत वाटून देण्याच्या पद्धतीला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि पीएम सूर्यघर योजनेच्या २०२४ च्या सूचनांतही घरगुती ग्राहकांसाठी हा मार्ग धरलेला आहे. ज्यांच्या घरावर कवेलू आहेत, जे भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांच्यासाठी हीच खरी दारे उघडणारी गोष्ट आहे. गटाने आपल्या जोडण्यांची यादी देऊन महावितरणकडून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच सभासदांना आश्वासन द्यावे. तोंडी होकारावर वर्गणी गोळा करू नये. संस्थेने स्वतःच्या सभासदांसाठी वीज तयार करायची ठरवली, तर २००५ च्या वीज नियमांतली अट लागते: किमान २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वापर सभासदांचाच हवा.

कायद्याची गाठ इथे बसते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता देण्याबाबत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातले कलम ९२ बोलते. नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंत भाडेपट्टा देऊ शकते, परवानगीने नूतनीकरण केले तरी एकूण मुदत नऊ वर्षांच्या पुढे जात नाही, आणि भाडेकरूला पक्के बांधकाम करता येत नाही. पंचवीस वर्षांसाठी द्यायचे तर प्रस्ताव राज्य शासनाकडे जातो. ग्रामपंचायतीला तीन वर्षांपलीकडच्या भाडेपट्ट्यासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर गावाचा ठराव चांगला, पण मालक जिल्हा परिषद आहे. तहसील किंवा रुग्णालयाच्या इमारतीत आणखी वेगळे खाते येते. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच असावा, की ही इमारत नेमकी कुणाच्या नावावर आहे. मालमत्ता नोंदवहीचा उतारा काढून पाहिल्याशिवाय सभा बोलावू नये.

गच्ची "वापरण्याचा परवाना" म्हणून द्यायची की "भाडेपट्टा" म्हणून, यावरही वकिलाशी बोलावे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, परवान्याने फक्त वापराची मुभा मिळते. कर्ज देणाऱ्या बँकेला भाडेपट्टा आवडतो, इमारतीच्या मालकाला परवाना सोयीचा वाटतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावीच लागते, मुद्रांक शुल्कही भरावे लागते. गट गावातला असला, चांगल्या माणसांचा असला, तरी सार्वजनिक मालमत्ता जाहीर मागणी काढूनच द्यावी. शेजारच्या आळीतल्या गटाला संधीच मिळाली नाही अशी तक्रार उद्या आली, तर चांगले कामही त्यात अडकते.

करारात सगळ्यांत जास्त जागा गळतीला द्यावी. हे वाक्य अनेकांना क्षुल्लक वाटेल. पण गच्चीवरच्या सौर संचांची भांडणे बहुधा विजेवरून होत नाहीत, पाण्यावरून होतात. ऑगस्टच्या झडीत सातवीच्या वर्गात पाणी ठिबकू लागले की शाळा म्हणते पॅनेलवाल्यांनी भोके पाडली, आणि पॅनेलवाले म्हणतात स्लॅब आधीच गळत होती. यावर उपाय स्वस्त आहे: काम सुरू होण्याआधी गच्चीचे आणि खालच्या छताचे तारखेसह फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा संयुक्त पाहणी. पुढे पंचवीस वर्षांत एक-दोनदा स्लॅबला वॉटरप्रूफिंग करावेच लागेल. त्या वेळी पॅनेल कुणी उतरवायचे, किती दिवसांत परत बसवायचे, आणि त्या दिवसांच्या बुडालेल्या विजेचा भार कुणावर, हे तेव्हा ठरवायला गेले तर पाचव्या सभागृहाला आणि दुसऱ्या पिढीतल्या सभासदांना एकमेकांची नावेही माहीत नसतील.

इन्व्हर्टरचेही तसेच आहे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, इन्व्हर्टर एवढे टिकत नाही, मुदतीत एकदा तरी ते बदलावे लागते. त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडली पाहिजे. इमारत पाडायची वेळ आली, वरचा मजला चढवायचा ठरला, संस्था बंद पडली, या तिन्ही शक्यता लिहाव्यात. मुदत संपल्यावर संच इमारतीचा होणार की तो उतरवून गच्ची पूर्ववत करून देणार, तेही लिहावे. कराराची प्रत सूचनाफलकावर लावावी. तसे न झाल्यास माहिती अधिकारात ती मागता येते, पण मागायची वेळ येऊ देऊ नये.

गावच्या गोष्टी गावालाच कळतात. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तंतू उडतात, रस्त्याकडेची धूळ बसते, आणि पंधरा दिवस न धुतलेले पॅनेल डोळ्यांना दिसेल इतके मळते. उन्हाळ्यात घाटंजीत पिण्याच्या पाण्याची ओढ असताना पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार, याचे उत्तर प्रस्तावात असले पाहिजे. कोरड्या मऊ ब्रशने पहाटे झाडणे हाही मार्ग आहे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र टाकू नये, काच तडकते. वानरे पॅनेलवर उड्या मारतात, वायरी ओढतात, त्यामुळे वायरी पाईपमधूनच न्याव्यात. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि वळवाच्या विजा धरून विमा घ्यावा, वीजरोधक आणि अर्थिंग दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्यावे. शाळेच्या गच्चीवर जाणाऱ्या जिन्याला कुलूप हवे आणि त्याची किल्ली कुणाकडे, हे ठरलेले हवे.

ज्या गटाला खरोखर सुरुवात करायची आहे, त्याने दोन कामे लगेच करावीत, दोन्हींना पैसा लागत नाही. त्या इमारतीची मागच्या बारा महिन्यांची वीजबिले मिळवावीत. आणि सावली मोजावी, पण मे महिन्यात नको. घाटंजी विसाव्या अक्षांशाजवळ आहे, मेच्या २० तारखेच्या सुमारास इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीखालीच लपते. तेव्हा सगळी गच्ची मोकळी दिसते. २२ डिसेंबरला तीच दहा फुटी टाकी दुपारी बारा वाजतासुद्धा उत्तरेकडे नऊ-साडेनऊ फुटांची सावली टाकते, सकाळी नऊला तर कितीतरी लांब. त्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता शिक्षकांनी आठवी-नववीच्या पोरांना घेऊन गच्चीवर जावे आणि टाकीच्या, कठड्याच्या, शेजारच्या कडुलिंबाच्या सावलीभोवती खडूने रेषा मारून घ्यावी. तिन्ही रेषांच्या बाहेर जी जागा उरेल, तिचे चौरस फूट मोजून वहीत लिहावेत, आणि कडुलिंब अजून किती वाढेल तेही त्याच पानावर.